पिकाचे नाव : भिंत

विमलताई थोरवे यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली, हे या गौरवग्रंथात लिहिले तर चालेल का, असे मी संपादक मंडळाला विचारले होते. "बाईंनाच विचारा," असे उत्तर आले. बाई म्हणाल्या, "चालेल की. फक्त चूक कुणाची होती तेही लिही." चूक माझी होती. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी तेव्हा बारामतीच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत नुकतीच कायम झाले होते. शेतकरी आपापल्या रानातली माती कापडी पिशवीत घेऊन यायचे, सोबत एक अर्ज भरून द्यायचे. नाव, गाव, गट नंबर, मागील पीक, घ्यावयाचे पीक. एका दुपारी कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या, चाळिशी उलटून बरीच वर्षे झालेल्या एक बाई खिडकीशी आल्या. त्यांनी एकोणीस पिशव्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि एकोणीस अर्ज पुढे केले. अक्षर छापल्यासारखे. पण प्रत्येक अर्जात 'घ्यावयाचे पीक' या रकान्यात एकच शब्द होता : भिंत.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"का? अक्षर लागत नाही?"

"अक्षर लागतंय. पण भिंत हे पीक नाही."

"मला या मातीतून भिंतच घ्यायचीय," त्या शांतपणे म्हणाल्या. "ऊस लिहिते हवं तर. पण मग तुम्ही मला खत किती टाकायचं ते सांगाल. मला पाहिजे ती वाळल्यावर किती तडकेल ते."

मला वाटले, शाळेचा कसलातरी प्रकल्प असेल. इथे शेतकऱ्यांची कामे असतात, असे काहीतरी तोऱ्यात बोलून मी अर्ज परत सरकवले. बाई गेल्या नाहीत. समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. प्रयोगशाळा बंद व्हायची वेळ होईपर्यंत त्या तिथेच होत्या, आणि त्या वेळात त्यांनी तीन शेतकऱ्यांना अर्ज भरायला मदत केली. एकाचा तर गट नंबर चुकला होता, तो त्याला घरी फोन करायला लावून दुरुस्त करून घेतला. पाच वाजता माझी मलाच लाज वाटली. मी उठून गेले, पिशव्या आत घेतल्या आणि म्हटले, "पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात त्या वही घेऊन आल्या. मी त्यांना सांगितले की काळ्या मातीत चिकणाचा भाग जास्त असतो, ती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून भेगाळते. मुरमाड माती भेगाळत नाही पण धरूनही राहत नाही. नदीकाठचा पोयटा या दोहोंच्या मधला. बाईंनी सगळे लिहून घेतले आणि विचारले, "आणि हाताला कशी लागते, ते कुठल्या रकान्यात लिहिता?" तसा रकानाच नव्हता. इतके दिवस मी माती चमच्याने उचलत होते. त्या दिवशी त्यांनी एका पिशवीत माझा हात धरून घातला. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. गुरू वगैरे शब्द बाईंना आवडत नाहीत, म्हणून मी तो वापरत नाही.

ज्यांना बाईंची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बाई मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या, भीमेकाठच्या एका गावच्या. ते गाव त्यांच्या तरुणपणी उजनी धरणाच्या फुगवट्याखाली गेले आणि माणसे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली. बाईंनी पुण्यात चित्रकलेचे शिक्षण घेतले, अंथुर्णे येथील शाळेत चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्तीपर्यंत नोकरी केली आणि आज त्या वरकुट्यात राहतात. घरामागे पत्र्याची एक शेड आहे. त्या तिला कधी स्टुडिओ म्हणत नाहीत, शेडच म्हणतात. त्या शेडमध्ये रंगाची एकही ट्यूब नाही. ज्या जागेविषयी चित्र असेल, तिथलीच माती, तिथलेच शेण, तिथलेच पाचट. त्यांची मातीची उठावचित्रे पुण्या-मुंबईच्या दालनांत लागली, जाणकारांनी त्यांवर लिहिले, परगावाहून लोक वरकुट्याचा पत्ता विचारत येऊ लागले. पण बाईंचा एक नेम आहे. कुठलेही काम आधी ज्यांच्या मातीचे आहे त्यांना दाखवायचे, मग बाकीच्यांना. त्यामुळे त्यांचे प्रत्येक प्रदर्शन आधी कुठल्यातरी शाळेच्या व्हरांड्यात किंवा सोसायटीच्या गोदामात झालेले असते. एकदा एका मोठ्या दालनाने उद्घाटनाला मंत्री येणार आहेत म्हणून काम आधी पाठवायला सांगितले. बाईंनी कळवले की अंथुर्ण्याच्या लोकांचे पाहून व्हायचे आहे, मंत्र्यांना आठ दिवस थांबायला सांगा. मंत्री थांबले की नाही ठाऊक नाही. काम आठ दिवसांनीच गेले.

बाईंच्या सर्व कामांत मोठे होते ते 'जुनं रान, नवं रान'. एका उन्हाळ्यात धरणाचे पाणी खूप खाली गेले आणि जुन्या गावाची जागा उघडी पडली. बाईंनी विखुरलेल्या चाळीसेक घरांना निरोप धाडले. प्रत्येक घरातले कुणीतरी आले. आपल्या जुन्या रानातली, जुन्या घराच्या जागेची माती ज्याने त्याने स्वतःच्या हाताने पिशवीत भरली. दुसरी पिशवी नव्या जमिनीतली. या जोड्यांतून बाईंनी इंदापुरातल्या एका वाचनालयाच्या मोठ्या भिंतीवर दोन वर्षे खपून मातीचे उठावचित्र केले. न भाजलेली, कच्ची माती. प्रत्येक घराचे दोन तुकडे शेजारी शेजारी, एक जुने रान, एक नवे. वर्तमानपत्र चाळायला आलेली माणसे आपले रान शोधून त्याच्यासमोर उभी राहायची.

त्यात श्रीपतीतात्या होते. जुन्या गावात त्यांचे रान बाईंच्या रानाला लागून होते. नवी जमीन अंथुर्ण्याकडे मिळाली. तिथे वर्षानुवर्षे उसाला मोकाट पाणी दिल्यामुळे ती खारवट झाली होती. भिंत पूर्ण झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तात्यांच्या नव्या रानाच्या तुकड्यावर पांढरी पूड उमटली. मी त्या दिवशी तिथे होते.

"बाई, माज्या रानाव ह्ये पांढरं काय आलंय वो?" तात्यांनी विचारले.

"क्षार आहेत, तात्या. तुमच्या मातीतलेच आहेत. ओल सुकली की वर येतात."

"पुसून टाका की मंग. समदी बघत्यात."

"पुसलं तर परत येईल."

"मंग काय करायचं?"

"रानाला विचारा. भिंतीला कशाला विचारता?"

तात्या रागावून गेले. महिनाभराने मात्र ते बारामतीला माझ्या खिडकीशी आले, हातात कापडी पिशवी. "त्या बाईनं पाठवलं न्हाय मला. मीच आलोय," हे त्यांचे पहिले वाक्य. आम्ही माती तपासली. पाणी निघून जायला चर खोदायला सांगितले, हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडायला सांगितला, उसाला काही वर्षे सुटी द्यायला सांगितली. तात्यांनी ते नेटाने केले. तीन-चार हंगामांनी तिथे गहू उभा राहिला, तेव्हा ते वाचनालयात जाऊन बाईंना म्हणाले, "आता माजं रान येवढं पांढरं न्हाय ऱ्हायलं. भिंतीवरचं बदला." बाई म्हणाल्या, "भिंतीवर तेव्हाचं रान आहे. आत्ताचं बघायला मी तुमच्याकडे जेवायला येते." आणि खरेच गेल्या. त्या गव्हाच्या पोळ्या खाऊन आल्या.

इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी, कारण तिचे ऋण मी दुसरीकडे कुठे नोंदवणार?

त्याच सुमारास माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू हळूहळू सावरली, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणत, येईल, प्रयत्न करत राहा. आम्ही रोज तिच्यासमोर वस्तू धरायचो, नावे विचारायचो. ती मान फिरवायची. चार महिने असे गेले. बाई भेटायला आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत मळलेल्या मातीचा एक गोळा होता. त्यांनी काहीही विचारले नाही. आईच्या पुढ्यात पाट ठेवला, त्यावर गोळा ठेवला आणि स्वतः माझ्याशी गप्पा मारत बसल्या. थोड्या वेळाने आईचा डावा हात गोळ्यावर गेला, मग उजवाही. लग्नानंतर तिने कितीतरी वर्षे घरच्या चुली स्वतः घातल्या होत्या. बोटे आपोआप चालू लागली. एक बाजू उभी राहिली, दुसरी उभी राहता राहता बसली. आईने कपाळाला आठी घातली आणि बाईंकडे पाहून स्पष्ट म्हणाली, "पाणी जास्त झालंय."

मी ताडकन उठले. बाई मात्र जणू रोजचेच बोलणे असावे तशा म्हणाल्या, "हो का? मग पुढच्या वेळी तुम्हीच मळा." आणि पुढचे सहा महिने दर रविवारी वरकुट्याहून बारामतीला एसटीने येत राहिल्या. आई आज बोलते. थोडी अडखळते, पण मला रागावण्याइतके स्पष्ट बोलते.

आता चार वर्षांपूर्वीच्या त्या प्रसंगाकडे येते. बाईंची ओळख मला खऱ्या अर्थाने तेव्हा झाली.

वाचनालयाची ती बाजू जुनी झाली होती. छत धोकादायक झाल्यामुळे ती उतरवून नवी इमारत बांधायचे ठरले. निर्णय योग्यच होता. भिंतीवरचे काम तुकड्यातुकड्यांनी काढून गोणपाटावर चढवायचे आणि दुसरीकडे न्यायचे, असे बाईंनी ठरवले. कुठला तुकडा कुठल्या घराचा, याचा नकाशा तयार झाला. सोमवारी कामाला लागायचे होते. पण इमारत उतरवणाऱ्या माणसांचा तारखेबाबत घोटाळा झाला आणि त्यांनी शनिवारीच त्या दालनावरचे पत्रे काढले. रविवारी दुपारी अवकाळी पाऊस आला, गारांसकट.

मला फोन आला तेव्हा मी बारामतीला होते. मिळेल ती एसटी पकडून इंदापूरला पोचले, तोवर पाऊस थांबला होता. बाई माझ्या आधी आलेल्या होत्या. भिंतीवर वरच्या कोपऱ्यात हातभर तुकडा उरला होता. बाकी सगळे खाली फरशीवर वाहून आले होते. काळे, तांबडे, राखी, सगळे ओघळ एकमेकांत शिरलेले. चाळीस घरांची राने गुडघाभर चिखल होऊन पडली होती.

मुकादम बाजूला मान खाली घालून उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, "तारीख मीही कागदावर नीट लिहून घेतली नव्हती. ते राहू दे. आधी ताडपत्री आणा. यातलं घमेलंभरही गटारात जाता कामा नये." ताडपत्र्या आल्या. दाराशी विटांचा बांध घातला. सगळे झाकून झाले तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या.

"नलू, वेगळी करता येईल का गं? तुमच्याकडे प्रयोगशाळेत काहीतरी असेल."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. आणि मला नाही म्हणावे लागले. वाळू, पोयटा, चिकण वेगळे करता येते. श्रीपतीतात्यांची माती आणि शेजारच्याची माती वेगळी करता येत नाही.

बाई एका पालथ्या घमेल्यावर बसल्या. म्हणाल्या, "माझं काम असतं तर मी दुसरं केलं असतं. पण हे माझं नव्हतं. लोकांनी विश्वासानं हातात दिलं होतं. आणि आता परत आणायचं म्हटलं तर तिथं पन्नास फूट पाणी आहे."

ते खरे होते. गेली काही वर्षे धरण भरलेले होते. आणि ज्यांनी ती माती भरून दिली होती त्यांतली कितीतरी माणसे आता पिकली होती. पुन्हा पाणी कधी उतरेल आणि तेव्हा कोण असेल, हे कुणाला सांगता येणार?

दुसऱ्या दिवसापासून बाई घरोघर निघाल्या. मी म्हटले, फोन करू, पत्र पाठवू. "नाही," त्या म्हणाल्या, "मागायला दारात गेले होते, सांगायलाही दारातच जाईन." मी रजा काढली. माझ्या स्कूटरवर मागे बसून सत्तरी ओलांडलेल्या बाई तीन दिवस गावोगाव हिंडल्या. प्रत्येक दारात तेच वाक्य : "तुमची माती माझ्याकडून सांभाळली गेली नाही." बहुतेकांनी चहा दिला. एक-दोघांनी चिडून इमारतवाल्यांना नावे ठेवली, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवले. एका घरातल्या बाईंनी ऐकून घेतले आणि दार लावले. त्यांच्या सासऱ्यांनी ती माती आणली होती आणि ते त्याच वर्षी गेले होते. बाई त्या बंद दारासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "चल."

श्रीपतीतात्यांचे घर त्यांनी शेवटी ठेवले होते. कारण मी विचारले नाही.

तात्या अंगणात खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. ऐंशीच्या पुढचे वय, नजर अधू झालेली. बाई खाली पायरीवर बसल्या आणि सगळे सांगितले. तात्यांचे हात थांबले.

"समदी येकात येक?"

"हो."

"माजी बी?"

"हो, तात्या."

तात्यांनी हातातली शेंग टोपल्यात परत टाकली. मी बाईंकडे बघू शकत नव्हते.

"गटारात तर न्हाय ना गेली?"

"नाही. ताडपत्रीखाली आहे सगळी. जरासुद्धा बाहेर जाऊ दिलेली नाही."

"अवो, मंग हाय की!" तात्या एकदम मोठ्याने म्हणाले. "ग्येली ग्येली काय म्हंता? हाय की ती!"

बाईंनी मान वर केली.

"बाई, तुमी ल्हान व्हता तवा. आपल्या गावात घर बांधायचं म्हंजी कसं व्हतं, आठवतंय का न्हाय? पांढरीची, गावठानातली माती खणायची, चिखल करायचा आन समद्या आळीनं तुडवायचा. तवा कुनी इचारलं का, ही कुनाची आन ती कुनाची? बांध रानाला असत्यात. पांढरीला कुटं बांध असतोय?" त्यांनी शेंगांचे टोपले बाजूला सारले. "तुमी आमास्नी हाळी द्या. आमी येतो तुडवायला."

बाईंना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पदर तोंडाला लावून त्या पायरीवर बसल्या होत्या आणि तात्या भांबावून सुनेला हाका मारत होते, "अगं, पानी आन, पानी आन!"

परतताना महामार्गावर एका टपरीजवळ बाईंनी मला स्कूटर थांबवायला लावली. "नलू, तीन दिवसांनी आज भूक लागलीय." आम्ही दोघींनी दोन-दोन प्लेट कांदाभजी खाल्ली. शेजारून ट्रक जात होते, बाकावर धूळ बसत होती. बाई भजी खाता खाता म्हणाल्या, "किती मूर्ख मी! तात्यांकडे पहिल्यांदा जायला हवं होतं."

चिखल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वरकुट्यात आला. ग्रामस्थांनी समाजमंदिराची आतली लांब भिंत देऊ केली. ठरलेल्या दिवशी सकाळी सात वाजल्यापासून माणसे येऊ लागली. कुणी दुचाकीवर, कुणी जीप भरून. उसाचे पाचट बारीक तोडून आणलेले, शेणाच्या पाट्या. निवृत्त तलाठी, बँकेतले एक साहेब, दोन शिक्षिका, बाकी शेतकरी, सगळ्यांनी पायातले काढले आणि पोटऱ्या उघड्या करून चिखलात उतरले. तात्यांना गुडघ्यांमुळे उभे राहवेना, तेव्हा त्यांना खुर्चीवर बसवून पाय चिखलात ठेवले. तिथून ते पाणी कमी-जास्त करण्याच्या सूचना देत होते. आणि दहाच्या सुमारास, दार लावून घेतलेल्या त्या बाई आल्या. दोन घागरी पाणी घेऊन. घागरी चिखलात रित्या केल्या, पदर खोचला आणि थोरवेबाईंच्या शेजारी तुडवायला लागल्या. दुपारी दोघी एकाच ताटात जेवायला बसल्या.

भिंतीवर काय काढायचे, हे बाईंनी ठरवले नव्हते. ते लोकांनी ठरवले. जुन्या गावच्या गल्ल्या. बाई शिडीवर उभ्या राहून बोटाने ओल्या मातीत रेघ ओढायच्या आणि खालून आवाज यायचे.

"पार हितं न्हाय, आनखी उजवीकडं!"

"उजवीकडं कसा? उजवीकडं तर कासारीण ऱ्हायची."

"आरं, ती तर म्हसोबाच्या वाटंला!"

बाई रेघ पुसायच्या, पुन्हा ओढायच्या. गावाची विहीर तीन वेळा हलली. शेवटी तात्यांनी खुर्चीवरून हात वर करून निकाल दिला आणि विहीर जागेवर बसली. लहानपणी गाव सोडलेली, आता स्वतः आजी-आजोबा झालेली माणसे कसला मोठा वाद घालत होती! मी त्या गावची नाही. पण त्या दिवशी मला तिथला रस्ता सापडला असता.

यानंतर भीती होती ती माझी, आणि ती व्यवसायातली होती. एवढी मोठी, सलग, कच्च्या मातीची भिंत, त्यात काळीचा भाग मोठा. ती तडकणार, याची मला खात्री होती. मी बाईंना तसे सांगितले. आम्ही ओली गोणपाटे भिंतीवर टांगली आणि ती रोज थोडी थोडी सैल करत भिंत सावकाश वाळवली. मी दर रविवारी जायची. पहिल्या रविवारी गोणपाट उचलायची हिंमत मला झाली नाही. चौथ्या रविवारी शेवटचे गोणपाट काढले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी बोट फिरवत गेले. नखाएवढ्या दोन भेगा. बाकी भिंत अखंड. मी जमिनीवर मांडी घालून बसले आणि हसायलाच लागले.

"काय झालं?"

"बाई, काळी एकटी असती तर तडकली असती. मुरूम एकटा असता तर ढासळला असता. सगळ्यांनी मिळून धरलंय."

बाई म्हणाल्या, "बरोबर आहे. पण मोठ्यानं बोलू नकोस. उद्या कुणीतरी शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहील."

आम्हा सर्वांना बाईंकडून काय मिळाले, असे संपादकांनी या लेखात लिहायला सांगितले आहे. मला ते नेमके सांगता येत नाही. एवढे मात्र खरे, की त्या तीन दिवसांनंतर मला कुणाला वाईट बातमी सांगायची असेल तर मी फोन करत नाही. जाते. प्रयोगशाळेत एखाद्या शेतकऱ्याचा अहवाल फारच वाईट आला तर त्याला समोर बसवून सांगते, आणि माती तर वीस वर्षांपासून चमच्याने नाही, हातानेच उचलते.

बाई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. गेल्या वर्षी डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा आम्ही सगळे फार काळजीत होतो. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा डॉक्टरांच्या कुंडीतली माती निरखून पाहिली आणि ती बाहेरून विकत आणलेली आहे, असे नापसंतीने जाहीर केले. काळजी तिथेच संपली.

या गौरवग्रंथाची कल्पना सांगायला आम्ही वरकुट्याला गेलो, तेव्हा बाईंनी ती दोन मिनिटांत संपवली आणि शेडमधल्या भिंतीवर टांगलेला एक मोठा कागद दाखवला. बारामतीपासून इंदापूरपर्यंत कालव्याच्या दोन्ही अंगांची गावे त्यावर लिहिलेली होती. प्रत्येक गावात एक ऋतू राहायचे, तिथल्या जाणत्या बायकांकडून घर सारवायची पद्धत शिकायची, तिथल्या मातीत तिथलेच एक काम करायचे आणि ते तिथेच ठेवायचे, अशी योजना आहे. आमच्यातल्या कुणीतरी चाचरत विचारले, "बाई, याला किती दिवस लागतील?"

बाईंनी बोटांवर मोजले. "नऊ वर्षं. पाऊस नडला तर दहा."

तेव्हा त्यांना दीर्घायुष्य चिंतण्याचे काम आमच्यासाठी फारसे उरलेले नाही, ते वेळापत्रक त्यांनी स्वतःच आखले आहे. त्यांचे गुडघे शिडीवर भक्कम राहोत, डोळ्यांना मातीचा रंग असाच ओळखू येवो, आणि कुठल्याही गावात त्यांना उतरायला घर व मळायला सोबतीचे हात मिळोत, एवढेच आम्ही सर्व जण मनापासून मागतो. पहिले गाव सणसर आहे. सोमवारी सकाळी आठला निघायचे आहे, आणि बाईंनी बजावले आहे की उशीर करणाऱ्याला मागे सोडून जाणार.